स्पर्श परत देणारे विज्ञान आणि संमतीचा हक्क

परांचीवरून पडलेला मजूर किंवा मोटारसायकलवरून पडलेला तरुण वॉर्डात येतो. मज्जारज्जूला मार लागलेला असतो. हातपाय हलत नाहीत आणि पायाला चटका बसला तरी त्याला कळत नाही. पाठीवर जखम झाल्याचे घरच्यांना वासावरून समजते. आम्ही परिचारिकांनी असे रुग्ण पाहिले आहेत. अशा माणसांसाठी मेंदूला सूक्ष्म वीज देऊन स्पर्श व हालचाल परत आणण्याचे प्रयोग अमेरिकेत चालू आहेत. त्यांची माहिती आपल्या समाजाला असली पाहिजे आणि त्यावर आपले मतही असले पाहिजे.

मज्जारज्जू तुटला तरी मेंदू शाबूत असतो. हात हलवण्याची आणि हाताचा स्पर्श जाणण्याची जागा मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, शेजारी-शेजारी असते. शस्त्रक्रिया करून तिथे अतिशय बारीक इलेक्ट्रोड बसवतात. हालचालीच्या भागातले संदेश संगणक वाचतो आणि यांत्रिक हात हलवतो. यांत्रिक बोटाला काही लागले की स्पर्शाच्या भागात अगदी थोडी वीज सोडली जाते. रुग्णाला ते आपल्याच बोटाला लागल्यासारखे वाटते.

नेथन कोपलंड २००४ साली कार अपघातात जखमी झाले. २०१५ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगात त्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले गेले. डोळ्यांवर पट्टी असताना यांत्रिक हाताच्या कोणत्या बोटाला स्पर्श झाला, हे ते १०० पैकी ८४ वेळा बरोबर सांगू शकले. वस्तू उचलून ठेवायला आधी सुमारे २० सेकंद लागत. स्पर्श कळू लागल्यावर तेच काम सुमारे १० सेकंदांत होऊ लागले. वेळेबाबतचे हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्पर्श हा शब्द आपल्यासाठी केवळ शरीरशास्त्राचा नाही. ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे म्हटले गेले, त्या आपल्या माणसांनी १९२७ साली बाबासाहेबांसोबत महाडला जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यामुळे कोणाला हरवलेला स्पर्श परत मिळत असेल, तर आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र हे ज्ञान कोणाच्या शरीरावर मिळवले गेले, हेही आपण विचारले पाहिजे.

१८७४ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात मेरी रॅफर्टी नावाची घरकाम करणारी स्त्री रुग्णालयात आली. व्रणामुळे तिच्या कवटीचे हाड झिजून मेंदू उघडा पडला होता. डॉ. रॉबर्ट्स बार्थोलो यांनी तिच्या मेंदूत सुया घालून वीज सोडली. तिचे हातपाय हलले. वीज वाढवली तेव्हा तिला झटके आले, आणि काही दिवसांत ती मरण पावली. यात तिच्या उपचाराचा काहीही संबंध नव्हता. डॉक्टरांचे म्हणणे होते की तिने संमती दिली होती. घरकाम करून पोट भरणाऱ्या आजारी बाईला मोठ्या डॉक्टरांपुढे नाही म्हणता येते का? ज्यांच्या घरात मोलकरणी आहेत त्यांना हा प्रश्न पडणार नाही, आपल्याला पडलाच पाहिजे.

आजचे प्रयोग तसे नाहीत. सहभागी माणसे समजून-उमजून पुढे येतात. तरीही प्रयोग संपल्यावर काय, हा प्रश्न उरतो. ओहायोतील इयान बर्कहार्ट यांना २०१४ मध्ये असे उपकरण बसवले. त्यांच्या मेंदूतील संदेशांवरून हाताच्या स्नायूंना वीज दिली जाई आणि ते स्वतःच्या हाताने बाटली उचलत. २०२१ मध्ये ते उपकरण काढण्यात आले. हाताची मिळालेली हालचाल पुन्हा गेली.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कलम ६ आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचे तर तिला समजेल अशा पद्धतीने घेतलेली मुक्त संमती लागते. शिवाय ज्या समितीची परवानगी लागते, तिच्यात किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. हे कलम प्रत्येक वस्तीत माहीत व्हायला हवे. उद्या हे प्रयोग इथे आले, तर सरकारी रुग्णालयाच्या खाटेवरचा गरीब रुग्ण सर्वांत आधी आठवेल, आणि यंत्र तयार झाल्यावर सर्वांत शेवटी.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. संमतीपत्र मराठीत असावे आणि ते घरच्यांसमोर वाचून समजावावे. प्रयोगानंतर उपकरणाची देखभाल कोण करणार, ते काढायचे झाल्यास खर्च कोणाचा, हे आधीच लेखी द्यावे. आणि मेंदूत तार घालण्याच्या गोष्टी होत असताना प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णाला फिजिओथेरपी, स्वच्छ कॅथेटर आणि चांगली गादी मिळालीच पाहिजे. दर दोन तासांनी कूस बदलली तर कितीतरी जखमा टळतात, आणि त्याला संगणक लागत नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले की कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पडताळा. अंगठा उठवण्याआधी प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर सही करू नका. त्यासाठी तुमचे उपचार कोणालाही थांबवता येणार नाहीत.