हाताला काम : खाऱ्या टाकीचा स्किमर

माशांच्या टाक्या साफ करून देण्याचे काम आपली काही मुले करतात. गोड्या पाण्यात हात बसला की प्रवाळाच्या, खाऱ्या टाकीचे काम येते आणि शेठ विचारतात, ‘स्किमर कोणता घेऊ?’ उत्तर चुकले तर महागडे मासे मरतात आणि बोल मुलाला लागतो.

स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारे नळकांडे. माशांच्या घाणीतला, उरलेल्या खाण्यातला चिकट अंश बुडबुड्यांना धरतो आणि फेस होऊन वरच्या कपात चढतो. कुजून अमोनिया होण्याआधीच घाण बाहेर. गोड्या पाण्यात असा फेस धरत नाही. तिथे कोणी विकू लागला तर घेऊ नका.

माप स्वतः काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा. १२० × ४५ × ५० ची टाकी २७० लिटरची. खोक्यावरचा आकडा बहुधा कमी माशांचा हिशेब धरून असतो. मासे भरपूर असतील तर ४००-५०० लिटरचा घ्या. हजाराचा मात्र नको. घाण थोडी असली की मोठ्या नळीत फेस वर चढतच नाही.

समुद्रातले प्रवाळ काढून आणायला शेठनी सांगितले तर सरळ नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि पिशवी तुमच्या हातात सापडेल.

नवा स्किमर पहिले काही दिवस नीट फेस धरत नाही, हे आधीच सांगून ठेवा. कप दोन-तीन दिवसांनी धुवावा लागतो. त्या फेऱ्या धरूनच महिन्याचे पैसे ठरवा.