सातचा भोंगा

आमच्या शिरवळात भोंगा म्हटले की कंपनीची पाळी आठवते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात मात्र ऑगस्ट २०२२पासून देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजू लागला. दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरांनी पुस्तक उघडायचे. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली होती. शाळा परत गेली, मोबाइल घरातच राहिला.

गणित अडले की पोरगे आता वहीआधी फोन काढते. उत्तर मिळते, पण अडून बसण्याची सवय मोडते. फोन जप्त करा, असे आम्ही म्हणणार नाही. वडगावची खरी अट मोठ्यांना होती: मालिका आईनेही बंद करायची. (बापाने रीलसुद्धा!) शिरवळात सातला कित्येक पालक दुसऱ्या पाळीला असतात, इथला भोंगा पाळी बघूनच वाजवावा लागेल.