विश्लेषण : नोकरी सांभाळून ‘आयटी’ची पदवी… वेळेचे गणित कसे जुळणार?

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात पदविकेवर नोकरीला लागलेल्या अनेकांची बढती पदवीच्या अटीपाशी अडते. नोकरदारांसाठी ऑनलाइन पदव्या उपलब्ध आहेत. पण त्या पूर्ण करता येतील अशा रीतीने आखल्या आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

अडचण नेमकी कुठे?

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १२०० तासांचा अभ्यास. व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि स्वयंअध्ययन हे सारे त्यात आले. म्हणजे वर्षभर, एकही सुट्टी न घेता, आठवड्याला सुमारे २३ तास. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला हे झेपणे कठीण. वर्ग संध्याकाळी भरवल्याने वेळ बदलते, तासांचे ओझे कमी होत नाही.

मग उपाय काय?

पहिला, वेग विद्यार्थ्याच्या हाती देणे. आयआयटी मद्रासचा २०२० मध्ये सुरू झालेला डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम वर्षात तीन सत्रांत चालतो. पेलतील तेवढेच विषय घ्यायचे आणि त्यांचेच शुल्क भरायचे. मध्येच थांबल्यास टप्प्यानुसार प्रमाणपत्र, पदविका किंवा बीएस्सी हाती पडते. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. पदवीची विश्वासार्हता त्यावर टिकते.

दुसरा, कामालाच अभ्यासाचा भाग करणे. बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा कार्यक्रम १९७९ पासून सुरू आहे. त्यात कामाशी निगडित प्रकल्प अभ्यासक्रमात धरला जातो.

अनुभवाला श्रेयांक मिळतात?

श्रेयांक आराखड्यात तशी तरतूद आहे. पण पाच वर्षे सर्व्हर सांभाळणाऱ्याला ‘नेटवर्किंग’ची तोंडओळख पुन्हा शिकावी लागत असेल, तर ती तरतूद कागदावरच राहते. अनुभव कसा तपासायचा, याची पद्धत प्रत्येक विद्यापीठाला ठरवावी लागेल.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, शुल्क विषयागणिक आहे की एकरकमी, खंड पडल्यास श्रेयांक टिकतात का, हे आधी विचारावे. श्रेयांक पेढीत ते साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. नोकरदाराच्या अभ्यासात खंड पडणारच, हे गृहीत धरून आखलेली पदवीच त्याच्या कामाची.