फोटो खरा की जोडलेला?

मैत्रिणींनो, परवा माहेरी चारठाण्याला गेले होते. वहिनींना माडीवरची खोली भाड्यानं द्यायची होती. एक गृहस्थ आधारकार्डाची रंगीत झेरॉक्स देऊन गेले. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, बघा बरं, मला काही हे बरोबर वाटत नाही." चेहरा त्यांचाच होता, पण मान सदऱ्यावर चिकटवल्यासारखी! भाच्यानं आधारच्या मोफत अ‍ॅपनं कार्डावरचा क्यूआर कोड तपासला, तर मोबाइलवर दुसराच माणूस! खोली दिली नाही, हे सांगायला नकोच. झेरॉक्स भावानं पोलिसांकडे दिली.

आमच्या गावच्या हेमाडपंती देवळांत मागाहून बसवलेला दगड कसा चटकन ओळखू येतो! फोटोचंही तसंच. नजर सांध्यावर ठेवायची. केसांची कड कात्रीनं कापल्यासारखी आहे का? उजेड चेहऱ्यावर डावीकडून अन् गळ्यावर उजवीकडून पडलाय का? चेहऱ्याचा रंग एक आणि मानेचा दुसरा, असं तर नाही? जुन्या कागदावर शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर असतो. त्याची रेघ मधेच तुटली, तर फोटो बदललेला असू शकतो.

पण एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका हं! फोटो स्टुडिओतही सारखा करून देतात. मूळ कार्ड मागा, कोड तपासा. उलट, फोटो अगदी निर्दोष दिसला म्हणूनही विश्वासू नका. दोन माणसांचे चेहरे मिसळून केलेला एकच फोटो यंत्रालाही फसवतो, हे इटलीतल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं. आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांचा फोटो समोर बसवूनच काढतात, ते उगीच नाही.

आता आपल्या स्वतःच्या फोटोचं. 2024 मध्ये 'लाडकी बहीण' योजनेत खारघरच्या एका बाईंचा अर्ज काही केल्या भरला जाईना. त्यांचा आधार क्रमांक आधीच कुणीतरी वापरलेला! तपास साताऱ्याकडे गेला. बायकोचेच निरनिराळ्या पेहरावांतले फोटो लावून, दुसऱ्यांच्या आधार क्रमांकांवर सुमारे 30 अर्ज भरल्याचा आरोप एका माणसावर आला. त्रास मात्र खऱ्या बाईला!

म्हणून एवढं करा:

• झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख, खाली सही. अक्षरं फोटोच्या कडेवरून जाऊ द्यात.

• चालत असेल तिथं पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या.

• झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत टाकून येऊ नका; घरी आणून फाडा.

• शंका आली, तर आधारच्या 1947 क्रमांकावर फोन करा.

वहिनींनी आता कपाटातले सगळ्यांचे जादा फोटो मोजून डब्यात ठेवलेत. तुमचे कुठं आहेत, आठवतंय का?