साक्षरतेची दोन दप्तरे

नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेचा निकाल लागला की जिल्ह्याजिल्ह्यांतून तक्ते निघतात, नोंदणी, उपस्थिती व उत्तीर्णांचे रकाने तालुकावार भरले जातात, आणि रकाने भरले म्हणजे वर्षाचे काम पार पडले अशी समजूत आपल्या क्षेत्रात हळूहळू मुरत चालली आहे. तक्त्यांविषयी आमची तक्रार नाही. सार्वजनिक पैसा जेथे खर्च होतो तेथे हिशेब हा द्यावाच लागतो. परंतु जो हिशेब खजिन्यासाठी ठेवायचा, तोच शिकणाऱ्याच्या प्रगतीचा लेखा म्हणून स्वीकारला जाऊ लागला आहे, हे मात्र आम्हांस चिंतेचे वाटते. वस्तुतः ही दोन निरनिराळी दप्तरे आहेत.

पहिल्या दप्तराचीच अवस्था पाहावी. १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने निकष पुष्कळच नेमके बांधले होते : साधा मजकूर मिनिटाला तीस शब्द या गतीने मोठ्याने वाचता यावा, मिनिटाला सात शब्द पाहून उतरून काढता यावेत, आणि चाचणीत वाचन, लेखन व गणित यांपैकी प्रत्येकात निम्मे व एकूणात सत्तर टक्के गुण मिळावेत. आजच्या १५० गुणांच्या परीक्षेतही विषय तेच तीन आहेत. उत्तीर्णतेची मर्यादा मात्र तेहतीस टक्के आहे. जनगणनेची रीत याहून वेगळी. सात वर्षे वा अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येते ती साक्षर, आणि ते येते की नाही हे प्रगणक विचारून लिहून घेतो, परीक्षा घेत नाही. साठीच्या घरातील बाईला परीक्षेच्या भीतीने वर्गापासून तोडू नये, हा मर्यादा खाली ठेवण्यामागील विचार आम्हांस समजतो व बऱ्याच अंशी मान्यही आहे. पण मग या तीन प्रकारचे आकडे एकाच आलेखावर मांडून त्यांतून प्रगतीची रेषा ओढण्याचा जो प्रघात अहवालांतून रूढ झाला आहे, त्याचे समर्थन कोणत्या न्यायाने करावयाचे?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने संपूर्ण गाव हे एकक धरले, गावकऱ्यांच्या ईर्ष्येला आवाहन केले आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ घडवून आणला. इतक्या अल्प खर्चात इतकी माणसे अक्षरांपर्यंत पोहोचल्याचे उदाहरण आपल्या देशात विरळाच आढळेल. तथापि समारंभाची तारीख दप्तरी नोंदली गेली तरी त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी त्याच माणसांना काय वाचता येते हे विचारणे कोणाच्याच कामाच्या वाटणीत आले नाही. अनुधावनाची व्यवस्था तोकडी पडली आणि अनेक नवसाक्षरांची अक्षरे पुन्हा पुसट झाली. मिशनच्या काळातील तीन भागांच्या प्रवेशिकांत चाचण्या पाठांमध्येच गुंफलेल्या होत्या. शिकणाऱ्याने आपल्या सवडीने त्या सोडवाव्यात आणि आपण कोठवर आलो हे आपले आपणच पाहावे, ही त्यांमागील कल्पना आमच्या मते या साऱ्या खटाटोपातील सर्वांत शहाणपणाची होती. मिशनच्या मोहिमांच्या ठरीव तारखांच्या रेट्यात नेमकी तीच मागे पडली.

परीक्षेत काय निसटते याची प्रचीती वर्गावर बसणाऱ्या प्रत्येकास असते. प्रवेशिकेतील पाठ घडाघडा म्हणणाऱ्या बाईचे बोट ओळीच्या मध्येच एखाद्या शब्दावर ठेवले की ती थांबते, मनातल्या मनात पाठ पहिल्यापासून म्हणू लागते, आणि त्या शब्दाशी आली म्हणजे तो मोठ्याने उच्चारते. हे वाचन नव्हे, पण पाठांतराकडून वाचनाकडे जाताना लागणारा हा एक मुक्काम आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रकात नाही. गणिताची गोष्ट याच्या उलट. साठ रुपये किलोची वांगी तीन पाव तोलून देणारी भाजीवाली पंचेचाळीस रुपये सांगते, शंभराची नोट घेऊन पंचावन्न परत करते, आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता करते. तिच्यापुढे शंभरातून पंचेचाळीस वजा करण्याचे उदाहरण कागदावर मांडा. हातचा घेण्यापाशी ती अडखळेल आणि शून्य गुण मिळवील. वजाबाकी तिला येते. कागदावर आकड्याखाली आकडा मांडण्याची रीत तेवढी तिला नवी आहे. या दोन गोष्टी वेगळ्या नोंदल्या नाहीत तर शिकवणाराही चुकीच्या जागी शिकवीत बसतो. (सहीविषयी तर बोलायलाच नको. अंगठा जाऊन सही आली याचे कौतुक अवश्य करावे. पण नाव गिरवणे हे बहुधा चित्र काढणे असते, हे आपण सर्वजण जाणतो आणि तरीही ती साक्षरतेच्या खात्यावर जमा धरतो.)

म्हणून दुसरे दप्तर शिकणाऱ्याचे व्हावे, असे आमचे म्हणणे आहे. प्रत्येकाच्या नावाचे एक पान, आणि महिन्यातून एकदा त्याच्याशेजारी बसून भरलेले : वर्गाबाहेर काय वाचले, एसटीचा फलक की रेशनची पावती, बचत गटाच्या पासबुकातील व्याजाचा आकडा स्वतः शोधला की मुलाला विचारून, औषधाच्या पुडीवरील सूचना वाचण्याचा प्रयत्न केला की नाही. शेरा शिकणाऱ्याच्या शब्दांत असावा. शिकवणाऱ्याने तो केवळ उतरून घ्यावा, आणि लिहिण्याइतका हात बसला की तेही करू नये. हे पान परीक्षेनंतर बंद होऊ नये; निदान वर्षभराने एकदा पुन्हा उघडावे, कारण टिकले काय हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि ते वरिष्ठ कार्यालयाकडे जाऊ नये, कारण तिकडे गेले की त्याचाही तक्ता होईल.

विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकावर आणखी एक वही लादली जाते आहे, हा आक्षेप रास्त आहे. आजच्या हजेरीपटाच्या जाचात तर तो अधिकच रास्त. त्यावर आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे की, ही वही दहा जणांच्या वर्गात महिन्याला एखादी संध्याकाळ मागते, आणि ती संध्याकाळ मिळत नसेल तर एखादा पाठ कमी शिकवावा. अनेक केंद्रांवर कार्यकर्ते आपापल्या परीने अशा नोंदी ठेवीत असतीलच. वाचकांनी अशा वह्यांतील पाने, नावे गाळून, आमच्याकडे पाठवावीत. निवडक पाने पुढील अंकांतून आम्ही जशीच्या तशी, चुकांसह छापू.