जसेच्या तसे, म्हणजे कधीचे?

स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात विखुरलेल्या ऑर्कनी बेटांपैकी राउझी हे एक लहानसे, शेतांचे आणि मेंढरांचे बेट. तिथल्या मिडहाउ या ठिकाणी, उतार उतरून किनाऱ्याशी गेले की दोन वास्तू जवळजवळ खेटून उभ्या दिसतात. एक सामूहिक थडगे: सुमारे 23 मीटर लांबीचे दालन, उभ्या फरश्यांनी पाडलेले त्याचे 12 खण, आणि उत्खननात त्यांत सापडलेल्या 25 माणसांच्या अस्थी. दुसरा गोल बुरूज, चुना न वापरता नुसत्या दगडांवर दगड बसवून उभारलेला, दुहेरी भिंतींचा. त्याला ब्रॉख म्हणतात. एकातून निघून दुसऱ्यात शिरायला काही मिनिटे पुरतात. आम्हीही तसेच शिरलो, आणि दोहोंना मिळून 'प्राचीन' म्हणून मोकळे झालो.

चूक नंतर ध्यानात आली. थडगे इसवी सनापूर्वी 3500 च्या आसपासचे. ब्रॉख साधारण 2000 वर्षांपूर्वीचा, लोहयुगातला. म्हणजे त्या दोहोंमधले अंतर तीन हजार वर्षांहून अधिक. ब्रॉख आणि आपण यांच्यातले त्याहून बरेच कमी. ज्याने तो बुरूज रचला त्याला शेजारचे थडगे जितके जुने होते, तितका जुना त्याचा बुरूज अजून आपल्याला झालेला नाही. आपल्या 'प्राचीन' या शब्दात हे सारे एका पातळीवर येऊन बसते. भाषेच्या माणसांना ही गोष्ट उशिरा सुचावी, याची थोडी लाजही वाटली.

एकदा हे दिसले की 'वारसा जसाच्या तसा जपावा' हे वाक्य, जे आम्ही वर्गात इतक्या सहज उच्चारतो, अडखळू लागते. जसाच्या तसा म्हणजे कधीचा? स्ट्रॉमनेस गावाजवळच्या हाउ येथे लोहयुगातल्या लोकांनी नवाश्मयुगीन थडग्याच्या डोक्यावरच आपला ब्रॉख बांधला होता. त्यांना ते थडगे पवित्र वाटले असेल, किंवा आयता चौथरा वाटला असेल. पण त्यांनी त्याला हात लावला, हे खरे.

मेसहाउची गोष्ट तर अधिकच पेचात टाकणारी. हे ऑर्कनीतले सर्वांत देखणे थडगे. सुमारे 10 मीटरच्या बुटक्या वाटेतून कंबरेत वाकून आत जावे लागते, आणि डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास मावळतीचे ऊन त्याच वाटेने आत येऊन मागच्या भिंतीवर पडते. या दालनात बाराव्या शतकात नॉर्स लोक घुसले. बर्फाच्या वादळात अडकलेल्या एका सरदाराच्या माणसांनी इथे आसरा घेतला आणि त्यांतल्या दोघांना वेड लागले, असे ऑर्कनीच्या बखरीत (सागा हा शब्द आपल्या 'बखर'च्या जवळ जातो, असे आम्हांला वाटते) लिहिले आहे. या लोकांनी भिंतींवर रून लिपीत तीसेक लेख कोरले. त्यांत गूढ असे काही नाही. अमक्याने हे कोरले. पुरलेला खजिना इथून नेला. अमकी बाई फार देखणी. आपल्या गडकोटांवर बदामाच्या आकृतीत नावे खरवडणाऱ्यांचा आम्ही मनापासून तिटकारा करतो, आणि मेसहाउच्या भिंतीपुढे आदराने उभे राहतो. आठशे वर्षांनी बदामही पूज्य होतील काय? हा प्रश्न आम्ही थट्टेने विचारला होता. त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप सुचलेले नाही.

याचा अर्थ सगळेच हात सारखे, असा नव्हे. स्टेनेसच्या शिळावर्तुळाजवळ ओडिनशिळा नावाची आरपार भोक असलेली शिळा होती. त्या भोकातून हातात हात देऊन प्रेमिक शपथ घेत. 1814 च्या डिसेंबरात, बाहेरून आलेल्या एका कुळाने ती फोडून टाकली. शिळा पाहायला येणारे लोक त्याचे शेत तुडवीत, हा त्याचा राग. गावकरी त्याच्यावर इतके खवळले की त्याचे घर जाळण्याचा प्रयत्न झाला. हा माणूस दोषी आहेच. पण या गोष्टीतले ते शेत तुडवणारे मात्र नेहमी निर्दोष सुटतात. आम्ही त्याच जातीचे, म्हणून हे लिहावेसे वाटले. ज्यांनी थडग्यांवर बुरूज बांधले किंवा भिंतींवर नावे कोरली, त्यांना त्या जागेचे काहीतरी करायचे होते. आपल्याला केवळ पाहायचे असते, आणि पाहण्याने काही बिघडत नाही अशी आपली समजूत असते.

स्कारा ब्रे या वस्तीतली सातव्या क्रमांकाची झोपडी पाहुण्यांना बंद आहे. तिची प्रतिकृती शेजारी बांधून ठेवली आहे. त्या प्रतिकृतीत दगडी पलंग पाहिले, आणि दगडी फळ्यांची मांडणी पाहताच तर आजोळच्या स्वयंपाकघरातली पितळी भांडी आठवली. नकलेपुढे गलबलून येते, हे अनुभवाने सांगतो.

मिडहाउच्या थडग्यावर 1930 च्या दशकात एक मोठी इमारत बांधून घातली आहे. बाहेरून ती धान्याच्या कोठारासारखी, कुरूप. आत वरून टांगलेल्या पुलांवरून खाली डोकावायचे. पहिल्या दर्शनी आम्ही नाके मुरडली. आता तसे वाटत नाही.

आणि नेस ऑफ ब्रॉडगर. 2003 मध्ये नांगराला एक शिळा लागली आणि पुढची वीस वर्षे तिथे नवाश्मयुगातल्या भव्य वास्तू उघड होत गेल्या. पण हा थराथराचा दगड हवेत उघडा पडला की सुटू लागतो. म्हणून 2024 मध्ये उत्खनन थांबवून सारे पुन्हा मातीखाली झाकण्यात आले. आमच्या मते ऑर्कनीत घेतला गेलेला हा सर्वांत शहाणा निर्णय.

आमच्यातल्याच एकाला तो पटला नाही. कोणालाच पाहायला मिळणार नसेल तर जपले कोणासाठी, असे त्याचे म्हणणे. राउझीहून परतताना बोटीत हा वाद चालू होता, आणि टिंगवॉलच्या धक्क्याला बोट लागली तरी मिटला नव्हता.