कोपींतील दिवा व उपाशी बॅटरी

दसरा-दिवाळी उलटली कीं जालना व बीड जिल्ह्यांतील कित्येक घरांना कुलुपें लागतात. ऊंसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरवर किंवा बैलगाडीवर संसार चढवून पश्चिम महाराष्ट्रांतील, मराठवाड्यांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. आणि मग पुढील चार-पांच महिने फडाजवळची अथवा कारखान्याच्या तळावरील कोपी हेंच त्यांचें घर होतें. त्या संसारांत भांडीं, पीठ, अंथरुणें व कोयते यांच्या जोडीला अलीकडे सोलरची एक प्लेट व एक बॅटरीही दिसूं लागली आहे. ही गोष्ट आम्हांस फार आनंदाची वाटते. रॉकेलच्या चिमणीचा धूर ज्या मुलांनीं गिळला, त्यांच्या धाकट्या भावंडांस आतां पांढऱ्या उजेडांत पुस्तक उघडतां येतें, आणि रात्रीं पाचटांत पाऊल टाकतांना साप-विंचू नजरेस पडतो.

परंतु हा आनंद बहुधा संक्रांतीपर्यंतच टिकतो. हंगाम अर्ध्यावर आला कीं दिवा मिणमिणूं लागतो, आणि मग पालक म्हणतात, "प्लेट लहान पडली, पुढच्या सालीं मोठी घेऊं." आमचें मत याहून वेगळें आहे. प्लेट लहान पडत नाहीं. बॅटरी उपाशी मरते. प्लेट ही घरांतील कमावती होय व बॅटरी ही कणगी. कणगींतील दाणा रोज तळापर्यंत उपसला आणि भर मात्र अर्धीच टाकली, तर कमावत्यास दोष देऊन काय उपयोग?

आठवीच्या विद्यार्थ्यांस हा हिशेब सहज जमेल. प्लेट २० वॅटची, बॅटरी १२ व्होल्टांची व ७ अँपिअर-तासांची, अशी जोडी धरूं. १२ ला ७ नें गुणिलें म्हणजे बॅटरींत ८४ वॅट-तास मावतात. शिशाच्या बॅटरींतून रोज निम्म्याहून अधिक काढूं नये. तेव्हां खर्चावयास राहिले ४२. एलईडीचा ३ वॅटचा दिवा पांच तास जळला तर १५ लागतात. हल्लींच्या मोबाईल फोनचें पोट एकदां भरावयास, मधली नासाडी धरून, सुमारें २५ लागतात. दिवा व एक फोन मिळून झाले ४०. म्हणजे हिशेब जेमतेम बसला. रात्रीं दुसरा फोन जोडला कीं खर्च ६५ वर जातो. आम्हांस येथें इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, ज्या दिव्यासाठीं म्हणून हें सारें विकत घेतलें तो सर्वांत कमी खातो, आणि तरी वीज संपली म्हणजे विझतो मात्र तोच!

निम्म्याहून अधिक कां काढूं नये? शिशाच्या बॅटरींतून वीज वाहूं लागली म्हणजे आंतील पट्ट्यांवर शिसें व गंधकाम्ल यांच्या संयोगानें एक क्षार बसतो. लगेच पुन्हां वीज भरली तर तो विरघळतो. तसाच राहूं दिला तर त्याचे खडे होतात, व तितका भाग कायमचा निकामी होतो. फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं ही बॅटरी प्रथम बनविली, तेव्हांपासून तिचा हा स्वभाव बदललेला नाहीं. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कोपींत आणून बसविणारेही आहेत. ती इंजिनास क्षणभर जोराचा धक्का देण्यासाठीं असते, तिच्या पट्ट्या पातळ असतात. रोज रात्रभर थोडें थोडें देत राहणें हें तिचें कामच नव्हे. नव्या लिथियमच्या बॅटऱ्या खोल उपसा पुष्कळ सोसतात, परंतु त्यांची किंमत सर्वांस झेपत नाहीं. आणि चार्ज कंट्रोलर नांवाची लहानशी पेटी गाळून तारा थेट बॅटरीस जोडणें ही तर निव्वळ खोटी काटकसर होय.

आतां कमावत्याकडे पाहूं. हिवाळ्यांतील स्वच्छ दिवशीं नीट मांडलेल्या प्लेटीवर सुमारें पांच तासांच्या भर उन्हाइतकें तेज पडतें. २० वॅटची प्लेट त्यांत १०० वॅट-तास मिळवील; नासाडी वजा जातां साठ-सत्तर तरी पदरांत पडावेत. परंतु 'नीट मांडलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आमची टेंभुर्णी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २० अंशांवर आहे, व ऊंसाचा मुलूखही तिच्याहून थोडा दक्षिणेसच. मार्गशीर्ष-पौषांत भर दुपारींही सूर्य डोक्यावर येत नाहीं, दक्षिणेकडे कलून राहतो. प्लेट कोपीवर आडवी टाकली तर दुपारींही तेजाचा सुमारें चौथा हिस्सा हातचा जातो. तिचें तोंड दक्षिणेकडे करून, ती दोन फूट लांब असेल तर वरची कड चौदा इंच उचलून टेकवावी. हंगामभर तेवढें पुरतें. सांवलीची गोष्ट याहून नाजूक आहे. प्लेटींतील चकत्या साखळीसारख्या एकींत एक गुंतलेल्या असतात, म्हणून एका चकतीवर ऊंसाचें पान पडलें तरी साऱ्या साखळीचा प्रवाह आखडतो. तळावर कारखान्याच्या धुराड्याची काजळी उडत असते. ओल्या फडक्यानें प्लेट रोज सकाळीं पुसलीच पाहिजे.

हें करावयाचें कोणीं? आईबाप पहांटे अंधारांतच फडावर जातात. कोपींत मागें राहते ती धाकट्यांस सांभाळणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी, आणि तिच्या कामांत आणखी एकाची भर पडते. म्हणून आम्हांस वाटतें कीं घरांत जो कोणी शाळेंत विज्ञान शिकला असेल त्यानें निघण्यापूर्वींच प्लेटीसाठीं लाकडाचा पक्का घोडा करून द्यावा, म्हणजे त्या मुलीस ती रोज उचलावी-वळवावी लागणार नाहीं.

फोन नकोच, असें आम्ही म्हणत नाहीं. मुकादमाचा निरोप, अपघाताची वेळ, गांवीं राहिलेल्या म्हाताऱ्यांची खुशाली, हें सारें त्यावर येतें. परंतु दोन फोन असतील तर एक दिवसा कोपींत राहूं द्यावा व ऊन असतांनाच भरावा. तेव्हां प्लेटीची वीज कणगींत न जातां थेट खर्चीं पडते. रात्रीं बॅटरीवर हक्क प्रथम दिव्याचा, मग एका फोनाचा. रात्रीं चित्रें पाहण्यासाठीं दिवा मालवणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं, मग तें पाहणारे वडील असोत वा चिरंजीव.

परदेशांत हौसेनें घरगाडी घेऊन रानांत मुक्काम करणारे लोक पुष्कळ आहेत; महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं अशा कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण काढलें. त्यांचा हिशेब हाच, आंकडे तेवढे मोठे. फरक इतकाच कीं त्यांची वीज संपली तर ते घरीं परततात.

यावर कोणी म्हणेल कीं मुलांस गांवींच हंगामी वसतिगृहांत ठेवावें म्हणजे प्रश्नच मिटला. तें आम्हांसही मान्य आहे. परंतु जीं मुलें जातातच, त्यांच्या संध्याकाळचें काय? आणि कारखान्यांस एक प्रश्न विचारल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. ऊंसाच्या चिपाडांवर आज अनेक कारखाने वीज निर्माण करितात व उरलेली विकतात. ज्यांच्या कोयत्यानें तो ऊंस तुटला त्यांच्या तळावर चार खांब व सायंकाळचे कांहीं तास वीज देणें त्यांस जड कां जावें?

एक गोष्ट राहिली, आणि नुकसान सर्वांत अधिक तिच्यानेंच होतें. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, आणि बॅटरी अर्धवट रिकामी अशीच माळ्यावर जाते. वापर नसला तरी शिशाच्या बॅटरींतील वीज हळूहळू झिरपत असते, वैशाखाच्या उष्म्यांत तर अधिकच. दसऱ्यास ती खालीं काढावी तों आंत खडे झालेले असतात. म्हणून घरीं येतांच प्लेट छपरावर चढवून बॅटरी पूर्ण भरावी, सांवलींत ठेवावी, व निदान महिन्याकाठीं एकदां पुन्हां भरावी. लिथियमची असेल तर मात्र ती पूर्ण न भरतां अर्धी भरूनच थंड जागीं ठेवावी. पावसाळ्यांत एखादे दिवशीं ऊन पडलें कीं हें काम मुलांवर सोंपवावें. या वेळीं तीं घरींच असतात, आणि शाळाही चालू असते.